ग्रे समिटचे अकरा संदेश: चालकाच्या मोबाईलवर बंदी घालायची, तर कुठवर?

५ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी दहा वाजून गेल्यावर अमेरिकेतील मिसुरी राज्यात, ग्रे समिट या गावाजवळ, ४४ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर पुढे चाललेल्या रस्त्याच्या कामामुळे वाहतूक तुंबू लागली होती. ट्रेलर न जोडलेला, नुसत्या केबिनचा एक व्होल्वो ट्रक वेग कमी करत त्या रांगेच्या शेवटाशी पोहोचत होता. मागून येणाऱ्या पिकअप गाडीने ताशी सुमारे ८८ किलोमीटर वेगाने त्याला धडक दिली. पिकअपच्या मागे सेंट जेम्स येथील शाळेच्या दोन बस होत्या, आणि शाळेच्या बँडपथकातील मुले त्यांतून सेंट लुईसजवळच्या मनोरंजन उद्यानात सहलीला निघाली होती. पहिली बस पिकअपवर आदळून तिच्यावर आणि ट्रकवर चढली, आणि दुसरी बस पहिल्या बसच्या पाठीवर येऊन धडकली. पिकअपचा १९ वर्षांचा चालक आणि पहिल्या बसमध्ये मागच्या बाजूला बसलेली १५ वर्षांची विद्यार्थिनी असे दोघे मृत्युमुखी पडले. जखमी झालेल्यांची संख्या ३८ होती.

मृतांच्या संख्येकडे पाहिले तर हा काही फार मोठा अपघात नव्हे. तरीही वाहन चालवताना मोबाईल वापरावर बंदी असावी का, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्याला या प्रकरणाला वळसा घालून जाता येत नाही, कारण त्याच्या तपासाच्या शेवटी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, १३ डिसेंबर २०११ रोजी देशातील पन्नासही राज्यांना अशी शिफारस केली की तातडीचा प्रसंग वगळता सर्व चालकांना फोन आणि तत्सम उपकरणे वापरण्यास मनाई करावी. या मनाईत हात मोकळे ठेवून बोलण्याचे, म्हणजे हँड्सफ्री फोनही आले. सूट होती ती फक्त वाहन चालवण्याच्याच कामी येणाऱ्या उपकरणांना. इतकी व्यापक बंदी तोवर एकाही राज्याने सर्व चालकांना लागू केलेली नव्हती.

तपासात काय निघाले

पिकअप चालकाच्या फोनच्या नोंदी मिळवल्यावर असे दिसले की अपघातापूर्वीच्या अकरा मिनिटांत त्याने संदेश पाठवले आणि घेतले, त्यांची एकूण संख्या अकरा होती. शेवटचा संदेश धडकेच्या अगदी आधी आलेला होता. मंडळाने पहिल्या धडकेचे संभाव्य कारण म्हणून या संदेशांच्या देवाणघेवाणीमुळे विचलित झालेले लक्ष हेच नोंदवले. मात्र त्याचबरोबर या तरुणाची झोप अनेक दिवस अपुरी होती आणि त्या थकव्याचाही परिणाम झाला असावा, असेही अहवालात म्हटले आहे.

इथपर्यंतची हकिकत वर्तमानपत्रांनी उचलून धरली. पण अहवालाचा उरलेला भाग बंदीच्या चर्चेला अधिक अडचणीचा आहे, आणि म्हणूनच अधिक उपयोगी आहे. दुसरी धडक झाली ती पहिल्या बसच्या चालकाचे लक्ष समोरच्या रस्त्यावरून उडाल्यामुळे. ते फोनवर नव्हते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका प्रवासी बसकडे चालक गरजेपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला, असा मंडळाचा निष्कर्ष आहे. तिसरी धडक झाली ती दुसऱ्या बसच्या चालकाने पुढच्या बसपासून पुरेसे अंतर ठेवले नव्हते म्हणून. म्हणजे तीन धडकांपैकी एकीचेच कारण फोन. शिवाय मृत्युमुखी पडलेली विद्यार्थिनी पहिल्या बसमध्ये मागे बसली होती, तिथेच दुसरी बस येऊन धडकली.

बंदीचे विरोधक या ठिकाणी नेमके बोट ठेवतात. माणसाचे लक्ष हजार गोष्टींनी उडते, मग एकट्या फोनवरच खापर का फोडायचे, असा त्यांचा सवाल आहे. तो थेट धुडकावून लावण्यासारखा नाही. परंतु त्यात एक फरक नजरेआड होतो. रस्त्याकडेची बस मागे पडली की नजर आपोआप समोर येते. फोन मात्र चालकाबरोबरच प्रवास करतो आणि उत्तराची अपेक्षा ठेवून पुन्हा पुन्हा वाजतो. अकरा मिनिटांत अकरा वेळा लक्ष मागणारी दुसरी कोणतीही वस्तू गाडीत सहसा नसते. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या आणि २००९ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात असे आढळले की संदेश पाठवणाऱ्या चालकाची नजर दर सहा सेकंदांपैकी साधारण ४.६ सेकंद रस्त्यावर नसते. ग्रे समिटच्या वेगाने हिशेब केला तर तेवढ्या वेळात गाडी सुमारे ११३ मीटर अंतर कापते, आणि तेही समोर वाहतूक तुंबलेली असताना.

बंदी तर आधीच होती

या प्रकरणातली सर्वांत कळीची बाब बहुतेक लेखांत एका ओळीत उरकली जाते. मिसुरीत २८ ऑगस्ट २००९ पासून, म्हणजे अपघाताच्या जवळजवळ वर्षभर आधीपासून, वाहन चालवताना संदेश पाठवण्यावर बंदी होती. पण ती फक्त २१ आणि त्याखालील वयाच्या चालकांना लागू होती. पिकअपचा चालक १९ वर्षांचा होता. जो कायदा त्याला लागू होता तोच मोडत असताना त्याचा मृत्यू झाला.

या कायद्याची अंमलबजावणी कशी व्हायची, याचा क्षणभर विचार केला तरी त्यातला फोलपणा ध्यानात येतो. महामार्गावर ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतील चालक वीस वर्षांचा आहे की बावीस, हे पोलिसाने ठरवायचे. मग तो संदेश टाइप करतो आहे की नंबर फिरवतो आहे हेही ठरवायचे, कारण फोनवर बोलायला मनाई नव्हती. राज्यात या बंदीची अंमलबजावणी जोमाने होत नव्हती, अशी टीका मंडळाच्या बैठकीतही झाली. विधिमंडळाने कायदा केल्याचे समाधान मिळवले आणि पोलिसांच्या हाती मात्र वापरता न येणारे हत्यार दिले.

याच सुमारास विमा क्षेत्राशी संलग्न असलेल्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने बंदी असलेल्या राज्यांतील विमा दाव्यांचा अभ्यास केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार हातात फोन धरण्यावरील बंदीनंतर धडकांचे दावे घटल्याचे दिसले नाही, आणि संदेशबंदीनंतर तर काही राज्यांत ते किंचित वाढलेच. त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले गेले की पोलिसांना दिसू नये म्हणून चालक फोन स्टीअरिंगच्या खाली, मांडीवर धरू लागले आणि त्यांची नजर आणखी खाली गेली. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. आपल्याकडे चौकात पोलीस दिसताच फोन गुडघ्यांच्या मध्ये सरकवणारा चालक कोणी पाहिला नसेल असे नाही.

मात्र यावरून बंदी निरर्थक ठरते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०१० आणि २०११ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड आणि न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज या दोन शहरांत ठरावीक काळ पोलिसांची ठळक उपस्थिती, प्रत्यक्ष दंड आणि त्याची आगाऊ जाहिरात या तिन्ही गोष्टी एकत्र राबवण्यात आल्या. त्यानंतर हातात फोन धरून वाहन चालवण्याचे प्रमाण हार्टफर्डमध्ये ५७ टक्क्यांनी आणि सिराक्यूजमध्ये ३२ टक्क्यांनी घटले. या दोन्ही राज्यांत हातात फोन धरण्याला सर्वच चालकांना मनाई होती, त्यामुळे वय विचारायचा प्रश्न नव्हता आणि हातातला फोन लांबून दिसत होता. मिसुरीतील कायदा आणि हा कायदा यांच्यातला खरा फरक दंडाच्या रकमेत नसून, पोलिसाला रस्त्याच्या कडेला उभे राहून काय दिसू शकते यात आहे.

हात मोकळे, मन गुंतलेले

मंडळाने हँड्सफ्रीचाही बंदीत समावेश का केला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १४ नोव्हेंबर २००४ रोजी व्हर्जिनिया राज्यात अलेक्झांड्रियाजवळ शाळकरी मुलांना घेऊन माउंट व्हर्नन पाहायला निघालेली एक प्रवासी बस दगडी कमानीच्या पुलाखालून जाताना उजव्या बाजूला आदळली आणि तिचे छत कापले गेले. बसची उंची १२ फूट होती आणि त्या मार्गिकेवरची कमान १० फूट २ इंच. कमी उंचीचे इशारे देणारे फलक रस्त्यावर लावलेले होते. चालकाचे दोन्ही हात मोकळे होते, डोळेही समोर असावेत, पण तो हँड्सफ्रीवर बोलण्यात गुंतला होता, आणि त्या बौद्धिक विचलनामुळे त्याला फलकही जाणवले नाहीत आणि पूलही, असे मंडळाने कारण नोंदवले. ११ विद्यार्थी जखमी झाले. कोणी दगावले नाही हे नशीबच.

संशोधनाचा कौल या मुद्द्यावर एकमुखी नाही. टोरंटोमधील ६९९ चालकांच्या फोनबिलांचा अभ्यास करून १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात फोनवर बोलताना धडकेची शक्यता सुमारे चौपट होते आणि हँड्सफ्रीने त्यात सुरक्षिततेची भर पडल्याचे दिसत नाही, असे म्हटले होते. याउलट वर उल्लेखिलेल्या कॅमेऱ्याच्या अभ्यासात ट्रकचालकांसाठी संदेश पाठवणे अत्यंत धोकादायक, म्हणजे सुमारे २३ पट धोक्याचे आढळले, पण हँड्सफ्रीवर बोलल्याने धोका वाढल्याचे आढळले नाही. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा अभ्यास पुढे करतात. माझ्या मते दोहोंचा मेळ असा घालता येतो की मोकळ्या, सरळ रस्त्यावर बोलणारा चालक बहुधा निभावून नेतो. फलक, वळण, आडवा आलेला माणूस अशी अनपेक्षित गोष्ट समोर आली की मात्र त्याची उशिरा येणारी जाग महागात पडते. आपल्या रस्त्यांवर अनपेक्षित गोष्टींची वानवा कधीच नसते.

तरीही मंडळाची शिफारस जशीच्या तशी एकाही राज्याने स्वीकारली नाही. मंडळाला कायदे करण्याचा अधिकार नाही. त्याला फक्त सांगता येते. अपघात जिथे झाला त्या मिसुरीतच सर्व वयाच्या चालकांसाठीचा कायदा २८ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाला आणि प्रत्यक्ष दंड १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाला. तोही हातात फोन धरण्यापुरताच, आणि अन्य एखाद्या नियमभंगासाठी गाडी थांबवली असेल तरच लावता येणारा. पंधरा वर्षांत राज्याने वयाची अट सोडली, आणि हँड्सफ्रीला हात लावला नाही.

आपल्या कायद्याशी ताडून पाहता

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत हातात धरलेल्या संपर्क उपकरणाच्या वापराचा स्पष्ट उल्लेख आला आणि तो त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून अमलात आला. महाराष्ट्राने वाढीव दंड मात्र डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. त्याआधी स्थिती इतकी संदिग्ध होती की मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, सार्वजनिक सुरक्षेला धोका निर्माण झाल्याखेरीज वाहन चालवताना नुसते मोबाईलवर बोलणे हा केरळ पोलीस कायद्याच्या संबंधित कलमाखाली गुन्हा ठरत नाही, असा निर्णय दिला होता. २०२० मध्ये केंद्राने नियमांत बदल करून, चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने फक्त मार्ग पाहण्यासाठी फोन वापरायला मुभा दिली.

म्हणजे आपला कायदाही हातापाशीच थांबतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कार्यान्वित झालेल्या यंत्रणेतील कॅमेरे चालकाच्या हातातला फोन टिपू शकतात, कानातला इअरफोन नाही. आणि दुचाकीवर हेल्मेट व गाल यांच्यामध्ये फोन खुपसून दोन्ही हातांनी हँडल धरणाऱ्याला काय म्हणायचे? उपकरण त्याच्या हातात नाही, पण हँड्सफ्रीच्या कोणत्याही समंजस अर्थात तो बसत नाही. शिवाय घसरू लागलेला फोन सावरायला त्याची मान सतत वाकडी असते.

अशा तपशिलांवर कायदा जितका अधिक बारीक होत जाईल तितका रस्त्यावरचा वाद वाढेल. म्हणून ग्रे समिटवरून मला जो धडा घ्यावासा वाटतो तो असा, की बंदीची मर्यादा अंमलबजावणीच्या आवाक्याने ठरावी, आणि हा आवाका सर्व चालकांसाठी सारखा नसतो. स्वतःची गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कानातले बोलणे पोलिसाला रोखता येणार नाही. त्याच्यासाठी हातातल्या फोनवरची बंदी, वय किंवा कारण न पाहता आणि सातत्याने राबवलेली, हीच व्यवहार्य सीमा आहे. पण जो दुसऱ्यांना वाहून नेतो, त्याच्यावर मालकाचा, महामंडळाचा किंवा शाळेचा अधिकार चालतो. बसमध्ये चालकाकडे रोखलेला कॅमेरा लावता येतो, सेवाशर्तीत अट घालता येते, प्रवासी साक्षीदार असतात. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट मार्गावरील ई-शिवनेरीचा चालक बस चालवताना मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याची चित्रफीत एका प्रवाशाने समाजमाध्यमावर टाकली, आणि त्यानंतर त्या चालकाला बडतर्फ करून कंत्राटदार कंपनीला दंड करण्यात आला. पोलिसांच्या एखाद्या नाक्यावर हे इतक्या तडकाफडकी झाले नसते. अशा चालकांना हँड्सफ्रीसह संपूर्ण मनाई असावी, आणि ती पाळली गेली नाही तर चालकाइतकाच ठेकेदारही जबाबदार धरला जावा.

या मांडणीला एक मोठी अडचण येते, ती घरपोच सेवा देणाऱ्यांची. त्यांचा फोन हाच त्यांचा मालक आहे. हँडलवरच्या क्लिपमध्ये अडकवलेल्या पडद्यावर ऑर्डर येते, ती काही सेकंदांत स्वीकारायची असते, नकाशा तिथेच, पैशांचा हिशेब तिथेच, आणि चालत्या गाडीवर अंगठ्याने पडदा सरकवत असतानाच ग्राहकाचा फोन येतो: “कुठवर आलात?” या माणसाला फोन बंद ठेव म्हणणे म्हणजे काम सोड म्हणण्यासारखे आहे. इथे दंडाचा रोख त्याच्यावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. चाक फिरत असताना नवी ऑर्डर आणि ग्राहकाचा फोन पुढे जाऊ नये, गाडी थांबल्यावरच पडद्यावर यावा, अशी रचना करणे कंपनीला तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण गाडी चालते आहे की थांबली आहे हे त्यांच्या नकाशाला सतत कळत असते. सक्ती तिथे हवी.

पलीकडच्या टोकाला असलेल्याची जबाबदारी हा विचार वाटतो तितका अचाट नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने असे म्हटले की ज्याला संदेश पाठवला जातो तो गाडी चालवत आहे आणि तो संदेश लगेच पाहील हे पाठवणाऱ्याला माहीत असेल, किंवा माहीत असण्यास विशेष कारण असेल, तर पाठवणारा नुकसानभरपाईस जबाबदार ठरू शकतो. त्या विशिष्ट प्रकरणात पाठवणारी तरुणी जबाबदार ठरली नाही, पण तत्त्व नोंदले गेले. एका ग्राहकाला हे लागू करणे जाचक होईल. प्रत्येक चालकाची गती पडद्यावर पाहणाऱ्या कंपनीला लागू करणे तसे होणार नाही.

राहिला प्रश्न पुराव्याचा. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि सरकारी वर्गवारीत मोबाईल वापराच्या नावे त्यांतला अगदी लहान हिस्सा येतो. बंदीला विरोध करणारे या आकड्याचा आधार घेतात. पण ग्रे समिटला ते अकरा संदेश सापडले ते तपास यंत्रणेने फोनच्या नोंदी मागवल्या म्हणून. घटनास्थळी पाहून कोणाला ते कळले नसते, आणि चालक तर सांगायला उरला नव्हता. आपल्याकडे खुनाच्या किंवा अपहरणाच्या तपासात सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडच्या कॉलच्या नोंदी, मागवणे हा नेहमीचा शिरस्ता आहे. अपघाती मृत्यूच्या पंचनाम्यात मात्र ‘भरधाव वेग’ आणि ‘हयगय’ हे दोन शब्द लिहून बहुतेक वेळा काम भागते. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक अपघातात संबंधित चालकांच्या फोनच्या, केवळ वेळेपुरत्या, मजकुराविना नोंदी मागवण्याची कार्यपद्धती ठरली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाईसाठी उभ्या राहिलेल्या कुटुंबाच्या हाती काही ठोस येईल. विमा कंपनीलाही आपला हप्ता कशावर ठरवायचा ते कळेल. आणि हँड्सफ्रीचा वाद, ज्यावर परदेशातले अभ्यास एकमेकांच्या विरोधात उभे आहेत, तो इथल्या रस्त्यांवरच्या इथल्या नोंदींनी तपासून पाहता येईल.